पुरवणीची गाठ

शेवटची घंटा व्हायला पाच मिनिटं होती आणि चंद्रकला भूगोलाच्या चार पुरवण्या मुख्य उत्तरपत्रिकेला बांधत होती. मुलींच्या खोलीत सुपरवायझरनं प्रत्येकीच्या बाकावर वीतभर पांढरा दोरा ठेवला होता. तिनं तो भोकांतून ओवला, दोन्ही टोकं उजव्या चिमटीत धरली, डाव्या अंगठ्याच्या नखाखालून एक फेर काढला, ओढला आणि उरलेली शेपटं दातानं तोडून टाकली. हात हे करत होते तेव्हा डोळे बाहेर, उन्हात उभ्या असलेल्या बर्फाच्या गाडीवर होते. चोपन्न सालची मॅट्रिकची परीक्षा संपली होती आणि तिला लाल सरबताचा गोळा खायचा होता. त्या घटकेला तिच्या मनात एवढंच होतं.

चष्मेवाले सुपरवायझर गठ्ठे गोळा करत आले. त्यांनी तिची उत्तरपत्रिका उचलली, गाठीवरून बोट फिरवलं, उलटून पाहिली आणि विचारलं, "दात कशाला लावलेस?"

"सवय आहे, सर."

त्यांनी पुन्हा एकदा गाठ पाहिली, मग तिचं तोंड पाहिलं आणि पुढच्या बाकाकडे गेले. पुढच्या मुलीच्या गाठीकडे मात्र त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. हे चंद्रकलेच्या ध्यानात आलं, पण बर्फाचा गोळा अजून डोळ्यांसमोर होता, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

गोळा खाताना गोपिकेनं घोळ घातला. गोपिका म्हणजे लकडगंजातल्या लाकडाच्या व्यापाऱ्याची मुलगी, चंद्रकलेच्याच वर्गातली, हुशारीत तिच्या बरोबरीची. गोळा चोखायचा सोडून ती रोल नंबरच्या कार्डामागे बारीक अक्षरात छापलेले नियम वाचत उभी होती.

"नियम नववा," ती म्हणाली. "उत्तरपत्रिकेवर उमेदवाराची ओळख पटेल असे नाव, अक्षर अथवा कोणतीही खूण आढळल्यास ती उत्तरपत्रिका रद्द समजण्यात येईल. काहून वं चंद्रकला, कोणतीही खूण म्हणजे काय असंन?"

"मले काय माहीत."

"नाव तं समजलं. अक्षर बी समजलं. पन कोणतीही खूण?" आणि एवढं बोलून गोपिकेनं चंद्रकलेकडे असं पाहिलं की चंद्रकलेच्या हातातला गोळा मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आला तरी तिला कळलं नाही.

नियम छापणाऱ्यांची ही एक खुबी असते. परीक्षेआधी त्यांचे नियम कुणी वाचत नाही आणि परीक्षेनंतर ते कुणाला विसरता येत नाहीत.

घरी येईपर्यंत चंद्रकलेच्या डोक्यात सगळं जुळलं होतं. बाकीच्या मुली पुरवणीला कशी गाठ मारतात हे तिनं सहा पेपर पाहिलं होतं. कुणी बुटाच्या नाडीसारखं फूल काढतं, कुणी एकावर एक तीन गाठी मारून ढेकूळ करतं. तिची गाठ तशी नव्हती. ती तिळाएवढी, चपटी, कागदाला चिकटून बसलेली, कितीही ओढली तरी न सरकणारी. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की जोडायची ती गाठ. फणीच्या दातांतून अडकल्याशिवाय पार झाली पाहिजे, अशी. इतवारीमागच्या कोष्ट्यांच्या वस्तीत पोराला अक्षर यायच्या आधी ही गाठ येते. सहा पेपर आणि सहा ठिकाणी तिनं स्वतःच्या हातानं सही करून ठेवली होती.

बरं, एवढ्यावरही भागत नव्हतं. तिची गाठ वस्तीतल्या बाकीच्यांसारखीसुद्धा नव्हती. ती शिकली आईकडून, आणि वच्छलाबाई डावरी. चंद्रकला लिहायची उजव्या हातानं, पण गाठ मारायची आईसारखी. त्यामुळे दोरा तोडल्यावर गाठीशी उरणारं बारीक शेपूट बाकीच्यांकडे उजवीकडे वळायचं ते यांच्या घरात डावीकडे वळायचं. हे कुणाला दिसत नसे. दिसायचं फक्त मायलेकींना आणि बाबनरावांना.

बाबनराव, म्हणजे तिचे वडील, हे या बाबतीत सगळ्या वस्तीत नाव काढलेले गृहस्थ. एकदा इतवारीतल्या एका दुकानात त्यांच्या लुगड्यावरून वाद झाला. आमच्या गठ्ठ्यात तुमचं लुगडं नाही, म्हणून दुकानदार अडून बसला. बाबनरावांनी गठ्ठ्यातली चाळीस लुगडी उलटी करायला लावली, पाठीवरून अंगठा फिरवत गेले आणि त्यातलं आपलं एक काढून पुढं ठेवलं. "माह्या घरची गाठ आहे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून कुणाचं कापड कुणाचं, अशी भांडणं त्यांच्या ओसरीवर यायला लागली. आणि ते खरं तेच सांगत. एकदा तर त्यांनी स्वतःच्याच लुगड्यातली चूक गिऱ्हाइकाला बोटानं दाखवली होती. वच्छलाबाई त्यावर आठ दिवस धुसफुसत होती, पण मनातून तिलाही त्याचा तोराच होता.

चंद्रकलेनं घरी कुणाला काही सांगितलं नाही. ती चरख्यापाशी बसली आणि धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरायला लागली. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बाबनराव माग चालवत होते. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्या आवाजात तिला पहिल्यांदाच धडकी भरली. कारण पेपर रद्द झाला तर हाच आवाज होता, दुसरा नाही.

हेडमिस्ट्रेस कुसुमताईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. शाळेतून शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी एकाच मुलीची शिफारस जाणार. चंद्रकला नाही तर गोपिका, ज्या मुलीचे मार्क जास्त तिची. आणि इकडे उमरेडचे नत्थूजी, वच्छलाबाईचे भाऊ, निकालाची वाट पाहत बसले होते. पोरगी नापास झाली तर त्यांनी एक स्थळ तयार ठेवलं होतं. मुलगा चांगला होता, निर्व्यसनी होता, घरी तीन माग होते. म्हणजे चंद्रकलेनं एका खड्ड्याजवळून उठायचं आणि दुसऱ्या खड्ड्याजवळ जाऊन बसायचं. तिला ते नको होतं. तिला खडू हातात घ्यायचा होता, आणि ही इच्छा इतकी मोठी होती की ती कुणापाशी धड बोलतही नसे.

मग संशयाला काय, वेळच वेळ होता.

गाठीचं वर कोण कळवणार, याचा पहिला संशय सुपरवायझरवर. पण त्यांना तिचं नाव ठाऊक नव्हतं, आणि त्यांना काय मिळणार होतं? मिळणार होतं ते गोपिकेला. गोपिका मागच्या बाकावर होती. गोपिकेनं पाठीमागून सगळं पाहिलं असणार. नाही तर नववाच नियम तिला बरा सापडला, आणि कोणतीही खूण हेच दोन शब्द तिच्या तोंडात बरे अडकले. चंद्रकला जितका विचार करी तितकी तिची खात्री होई. पूर्वी दोघी संध्याकाळी शुक्रवारी तलावाच्या काठानं फिरायला जायच्या. आता चंद्रकला गेली नाही. नवल म्हणजे गोपिकाही बोलवायला आली नाही. मन साफ असतं तर आली नसती का, असं चंद्रकलेनं स्वतःला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं.

मे महिन्यात एकदा तिनं गोपिकेला कुसुमताईंच्या घरातून बाहेर पडताना पाहिलं. हातात छत्री, मान खाली. चंद्रकलेला पाहताच गोपिका रस्ता ओलांडून पलीकडे गेली. आता आणखी कसला पुरावा पाहिजे होता? सांगून आली ही, चंद्रकलेनं ठरवून टाकलं. भर दुपारी, भर उन्हात, जाऊन सांगून आली.

आणि पुढच्याच आठवड्यात पत्र आलं.

पत्र घेऊन कुसुमताई स्वतः आल्या. ओसरीवर घोंगडी टाकली, वच्छलाबाईनं गुळाचं पाणी दिलं. परीक्षेच्या कचेरीतून आलेल्या पत्रात रोल नंबर होता, आणि उत्तरपत्रिकांवरील संशयास्पद खुणेबाबत खुलासा करण्यासाठी पालकासह हजर राहावे, असं होतं.

"काय खूण केलीस ग?" कुसुमताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण डोळ्यांत जे होतं ते चंद्रकलेला रागापेक्षा वाईट वाटलं. तिला वाटलं, यांनाही संशय येतोय.

चंद्रकलेनं सगळं सांगितलं. सांगताना रडली. कुसुमताईंनी पत्राची घडी केली आणि त्या म्हणाल्या, "मी येते बरोबर. खरं आहे ते सांगू."

त्या गेल्यावर बाबनरावांनी कांडीतला हातभर धागा तोडला आणि पोरीपुढं धरला. "मार गाठ."

तिनं मारली. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठ्यानं चाचपली, शेपूट कुठं वळतं ते पाहिलं आणि कानामागं खोचून ठेवली. त्यानंतर चार दिवस ते असंच करत राहिले. जेवताना, बिडी ओढताना, कानामागची गाठ काढायचे, पाहायचे, परत ठेवायचे. चंद्रकलेला वाटायला लागलं, कचेरीत चूक होऊ नये म्हणून आपला बाप आपली गाठ पाठ करतोय. आणि बापाच्या खरेपणाचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी दारात गोपिका उभी. तोंड सुकलेलं.

"तुले पत्र आलं म्हनतेत," ती म्हणाली.

"आलं. तुले तं माहीतच असंन."

"मले बी येईल काय वं? खरं सांग. तू मायं नाव घेतलं काय?"

चंद्रकलेला काही कळेना. "मी काहून तुयं नाव घेईन?"

तेव्हा गोपिका मटकन उंबऱ्यावर बसली आणि बोलायला लागली. इतिहासाच्या पेपरला घाईघाईत तिनं पहिल्या पानाच्या माथ्यावर श्री लिहिला होता. घरच्या वहीवर लिहायची सवय, हातातून गेला. खोडायला गेली तर आणखी मोठा दिसायला लागला. तेवढ्यात चंद्रकला पाणी प्यायला उठली होती आणि तिच्या बाकापाशी क्षणभर थांबली होती.

"मले वाटलं तू पाहून राहिली. मंग भूगोलाच्या दिवशी मी नियम वाचून तुले विचारलं, तं तुयं तोंड एकदम उतरलं. मी म्हनलं, हिनं पाह्यलंच, आन हे आता सांगते. ट्रेनिंगची जागा एकच आहे ना. कुसुमताईले जाऊन विचारावं म्हनून गेली, पन तोंडातून शब्दच निंघाला नाही. त्याहिनं उपमा खाऊ घातला आन परत धाडलं."

"मी तं चप्पल नीट कराले थांबली होती वं," चंद्रकला म्हणाली.

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. महिनाभर दोघींनी एकमेकींना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या याचा हिशेब दोघींनीही लावला असावा, कारण दोघींच्याही माना एकदमच खाली गेल्या. मग चंद्रकलेनं तिला आत बोलावलं आणि आईनं केलेली आंबील दिली.

गोपिकेवरचा संशय असा फुकट गेला. पण संशयाला बसायला जागा लागतेच. तो उठला आणि आता बाबनरावांवर जाऊन बसला.

सोमवारी सकाळी बापलेक चालत निघाले. बाबनरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, काळी टोपी घातली होती. सिव्हिल लाइन्सकडे वळल्यावर झाडं वाढली, माणसं कमी झाली.

"बाबा," ती म्हणाली, "साहेबानं तुमाले विचारलं तं?"

"काय विचारंन?"

"गाठीचं."

"विचारंन तवा पाहू." थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "धाग्यात खोटं चालत नाही, चंद्रे. तुले माहीत आहे." चंद्रकला दोन पावलं मागं राहून चालायला लागली.

कचेरीच्या व्हरांड्यात पाहते तर बाकावर ओळखीची माणसं. शेजारच्या गल्लीतला ताराचंद आणि त्याचे वडील देवराव. पलीकडे गोळीबार चौकातले आणखी काही. एकूण सात उमेदवार, सातही विणकरांच्या घरचे. कुसुमताई आधीच आलेल्या होत्या.

आत टेबलामागं वामनराव नावाचे साहेब होते, सडपातळ, पांढऱ्या कोटातले. त्यांच्यासमोर सात उत्तरपत्रिका एका रांगेत मांडलेल्या, रोल नंबरवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. बाजूला शालिकराम नावाचा कारकून उभा होता. तो इतवारीत राहणारा, त्यामुळे त्याला सगळ्यांची कुंडली ठाऊक.

"जबलपूरच्या परीक्षकांनी कळवलंय," वामनराव म्हणाले, "की एकाच केंद्रातल्या सात उत्तरपत्रिकांना एकच, कुठं न पाहिलेली गाठ आहे. तपासणाऱ्याला कळावं म्हणून ही आधीच ठरवलेली खूण आहे, असं त्यांचं म्हणणं. मी अजून काही म्हणत नाही. तुम्ही सांगा."

कुसुमताई उठल्या आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं. ही मुलं कुणाची, त्यांच्या घरी काय चालतं, ही गाठ त्यांच्या हाताला कशी बसलेली असते.

वामनरावांनी शालिकरामला दोऱ्याचं रीळ आणायला सांगितलं. सात मुलं आणि सात पालक, प्रत्येकाच्या हातात दोऱ्याचा तुकडा दिला. "मारा गाठ."

चौदा जणांनी गाठी मारल्या, चौदा जणांनी मान वाकवून दातानं दोरा तोडला. वामनरावांची पेन्सिल टेबलावर टकटक करायची थांबली. त्यांनी दोनतीन गाठी हातात घेऊन पाहिल्या, ओढून पाहिल्या. सुटल्या नाहीत.

"ठीक आहे," ते म्हणाले. "संगनमत नाही, हे मला पटलं. पण नियम वेगळाच आहे. गाठीवरून उमेदवार ओळखू येत असेल तर ती खूण. येत नसेल तर मारा हवी तशी गाठ. श्री लिहिणारी शंभर पोरं असतात, त्यांना आम्ही बोलावतो का? आता मला सांगा, या सात जणांत वेगवेगळं ओळखू येतं का?"

तेवढ्यात शालिकरामनं साहेबांच्या कानाशी वाकून काही सांगितलं. सांगताना त्याची नजर बाबनरावांवर होती. चंद्रकलेला कळलं काय सांगितलं ते. चाळीस लुगड्यांची गोष्ट. ती वस्तीत सगळ्यांना पाठ होती आणि महिन्याभरात कितीतरी वेळा ती स्वतः आठवून घाबरली होती.

"बाबनराव कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब."

"तुम्ही म्हणे गाठ पाहून कापड कुणाचं ते सांगता. इकडं या. या सातांत तुमच्या मुलीची उत्तरपत्रिका आहे. ओळखा. तुम्हाला ओळखता आली नाही तर कुणालाच येणार नाही, असं मी धरतो. आली, तर नियम आहे तो आहे. सातही जणांना एकच न्याय."

देवरावांनी बाबनरावांकडे असं पाहिलं की पाहवेना. ताराचंदनं डोळे मिटून घेतले.

बाबनराव टेबलापाशी गेले. टोपी काढून काखेत धरली. पहिली उत्तरपत्रिका घेतली, उलटी केली, गाठीवरून अंगठा फिरवला, खाली ठेवली. दुसरी. तिसरी. घाई नव्हती. ओसरीवर कापड पाहताना जसे पाहत तसेच पाहत होते, ओठ किंचित मुडपून. चौथी उचलली तेव्हा टेबलालगत बसलेल्या चंद्रकलेला दिसलं. शेपूट डावीकडे वळलेलं होतं. तिला दिसलं तर त्यांना न दिसायला काय झालं?

त्यांचा अंगठा त्या गाठीवर थांबला. एक शब्द म्हणायला लागतो तेवढाच वेळ. मग त्यांनी ती खाली ठेवली, पाचवी घेतली, सहावी, सातवी. परत पहिलीपासून एकदा पाहिलं.

"नाही वळखू येत, साहेब," ते म्हणाले.

"नीट पाहा."

"पाह्यलं. साऱ्या एकसारख्याच दिसून राहिल्या."

"पण तुमची तर ख्याती आहे."

"होती, साहेब. पन आता नजर पैलेसारखी नाही राहिली. लोकं जुन्या गोष्टी सांगत बसतेत."

वामनराव त्यांच्याकडे बघत राहिले. बाबनरावांनी नजर खाली केली नाही. साहेबांना संशय आला होता की नाही, हे चंद्रकलेला पुढं कितीही आठवलं तरी ठरवता आलं नाही. आला असला तर त्यांनी तो गिळला. त्यांनी कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि म्हणाले, "ओळख पटत नाही. जा तुम्ही. निकाल सगळ्यांबरोबर लागेल."

बाहेर आल्यावर देवरावांनी बाबनरावांचे हात धरले. कुसुमताईंनी पदरानं घाम पुसला. चंद्रकलेला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं, आणि तिनं दोन्ही दाबलं, कारण वडील पुढं चालायला लागले होते.

परतीच्या वाटेवर कॉटन मार्केट मागं पडलं, शुक्रवारी तलाव आला. तिथं त्यांनी कानामागची गाठ काढली, एकदा पाहिली आणि पाण्यात टाकली.

"तुह्या मायले सांगू नको," ते म्हणाले. "तिची गाठ मले वळखू आली नाही असं समजलं तं चार दिवस बोलनार नाही."

चंद्रकला जागच्या जागी थांबली. मग धावत जाऊन त्यांच्या बरोबरीनं चालायला लागली. त्यांच्या खरेपणाचा आपल्याला राग आला होता, ही गोष्ट तिला आता जन्मभर लपवावी लागणार होती.

वच्छलाबाईला अर्थातच कळलं. असल्या गोष्टी वस्तीत मागापेक्षा जलद चालतात. ज्यांच्या पोराचा पेपर रद्द होता होता राहिला त्याच देवरावांनी दुसऱ्या दिवशी पानाच्या टपरीवर सांगितलं, की बाबनराव म्हातारे झाले, लेकीची गाठ ओळखता आली नाही. त्यात वाईट हेतू नव्हता. गोष्ट रंगतदार होती, सांगितली. वच्छलाबाई खरंच चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं भाकरीबरोबर त्यांना आवडतो तसा ठेचा वाढला आणि लेकीकडे पाहून म्हणाली, "डोळे बिघडले म्हने याहिचे. बिघडू दे." तिला किती कळलं होतं हे तिनं कधी सांगितलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. चंद्रकला दुसऱ्या वर्गात पास झाली, गोपिकेपेक्षा अकरा मार्कांनी पुढं. गोपिका पेढे घेऊन आली आणि पेढ्याच्या कागदावर मोठ्या अक्षरात श्री लिहून आणला. नत्थूजी उमरेडहून आले, जेवले आणि स्थळाचा विषय न काढता परत गेले. कुसुमताईंनी शिफारस धाडली.

ट्रेनिंगला जायच्या आधीच्या आठवड्यात इतवारीतला एक दुकानदार ओसरीवर आला. त्याच्या हातात एक लुगडं होतं, तांबड्या रेशमी काठाचं. त्यावरून दोन विणकरांत वाद पेटला होता, देवराव म्हणत होते माझं, दुसरा म्हणत होता माझं. आणि दुकानदाराला मात्र वाटत होतं की ते बाबनरावांचंच असावं. इतकी दाट आणि साफ वीण दुसऱ्या कुणाची नसते, असं तो म्हणाला. एवढं चांगलं काम कुणाचं, ते कळलं पाहिजे होतं, कारण मोठ्या घरच्या लग्नासाठी तसंच आणखी हवं होतं.

बाबनरावांनी लुगडं मांडीवर घेतलं, उलटं केलं. पदराजवळ अंगठा थांबला. शेजारीच चरख्यापाशी बसलेल्या चंद्रकलेलाही दिसलं. गाठीचं शेपूट डावीकडे होतं. ते लुगडं त्यांचंच होतं. मागच्या हिवाळ्यात त्यातले तुटलेले धागे तिनंच जोडले होते.

"नाही वळखू येत, शेठ," बाबनराव म्हणाले. "नजर गेली आता. देवरावचंच असंन, देऊन टाका त्याले."

दुकानदार चुकचुकला, लुगडं घडी करून निघून गेला. तो गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत चंद्रकला थांबली.

"बाबा, निकाल लागला आता. आता कोनाचं भेव आहे?"

"भेव नाही." त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. "आज हे वळखलं तं उद्या टपरीवर गोष्ट होईल, का बाबनरावची नजर परत आली. शालिकराम टपरीवरच बसते. तू मास्तरीन होशील, पोरायले खरं बोला म्हनून सांगशील. तुह्या बापानं साहेबासमोर खोटं सांगतलं, असं तुले कोनी म्हनू नये. नजर एकदा गेली ते गेलीच, असं धर."

आणि ते खड्ड्यात पाय सोडून बसले. वच्छलाबाईनं भरलेली कांडी त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती धोट्यात बसवली. थोड्या वेळानं एक धागा तुटला. चंद्रकला उठली, वाकली आणि त्यांच्या हातून धागा घेऊन तिनं स्वतः जोडला.